छातीत दुखतंय, पोती उचलल्यामुळे की हृदयामुळे?

सोयाबीनची पोती उचलली, दिवसभर पाठीवर पंप घेऊन फवारणी केली, की दुसऱ्या दिवशी छातीचा स्नायू धरतो. ही दुखरी जागा बहुतेक वेळा एका बोटाने दाखवता येते. तिथं दाबलं, कूस बदलली, खोकला आला की चमक निघते.

हृदयाचं दुखणं दाखवताना माणूस अख्खा तळहात छातीवर ठेवतो. वर कुणी पोतं टाकल्यासारखा दाब. तो हातात, जबड्यात, पाठीत जातो. दरदरून घाम, धाप, मळमळ. चालताना दुखतं आणि बसलं की थांबतं, तेही हृदयाचंच धरून चाला.

मधुमेहींना आणि बायकांना कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो, गळून जातं. घरातली बाई "काही नाही, थकलेय" म्हणाली तरी नीट विचारा.

दाबल्यावर दुखलं म्हणजे हृदय ठीकच, असंही नाही. शंका आली की ईसीजी काढायचा. सोडा पिऊन, बाम चोळून रात्र काढू नका. १०८ ला फोन लावा, पैसे लागत नाहीत. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका. पहिला ईसीजी चांगला आला आणि दुखणं थांबलं नाही, तर डॉक्टरांना परत काढायला सांगा.