हातोडा पडल्यावर हमी कोणाची?

भिवंडीच्या कापडबाजारात नमुना पाहून सौदा ठरतो आणि पुढे येणारे तागे त्या नमुन्याशी जुळले नाहीत तर खरेदीदाराला ते नाकारता येतात. मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 17 नेही हेच बंधन विक्रेत्यावर घातले आहे. लिलावात येणाऱ्या ॲनिमेशन-चित्राला मात्र नमुना नसतो, कारण ती वस्तू एकमेव म्हणूनच विकली जाते. तिथे ग्राहकाच्या हाती उरते ते केवळ वर्णन. माल वर्णनाशी जुळला पाहिजे असे कलम 15 सांगते खरे, परंतु अशा गर्भित शर्ती करारान्वये वगळण्याची मुभा कलम 62 देते, आणि लिलावगृहांच्या बारीक अक्षरांतील अटींचा उगम बराचसा इथेच आहे.

या बाजारातील मुख्य वस्तू म्हणजे ‘सेल’, अर्थात पारदर्शक पातळ ताव, ज्याच्या दर्शनी बाजूवर रेखाटन आणि मागच्या बाजूने रंग भरलेला असतो. पूर्वी हे ताव ज्वालाग्राही नायट्रेटचे असत, पुढे ॲसिटेटचे आले. प्रत्यक्ष चित्रीकरणात कॅमेऱ्याखाली ठेवला गेलेला तो ‘निर्मिती-सेल’, आणि किंमत असते ती त्याला. स्क्रीन प्रिंटिंगने छापून भेटवस्तूसारखा विकला जाणारा ‘सेरीसेल’ दिसायला तसाच, किंबहुना अधिक नीटनेटका असतो, पण तो कोणत्याही चित्रपटात वापरलेला नसतो. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने 1956 मध्ये व्यंगपट विभाग सुरू केला, डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तिथे प्रशिक्षण दिले, आणि त्या विभागात घडलेले राम मोहन पुढे भारत-जपान सहकार्यातून 1992 मध्ये पूर्ण झालेल्या ‘रामायण’पटाचे एक दिग्दर्शक झाले, हा संपूर्ण चित्रपट हाताने काढलेल्या चित्रांवर उभा असल्यामुळे त्याचे सेल ही संग्राहकाच्या दृष्टीने खरीखुरी वस्तू ठरते.

हमीपेक्षा भरवशाचा साक्षीदार म्हणजे निर्मितीतंत्राचा इतिहास. डिस्नेने ‘द लिटल मर्मेड’ (1989) नंतर हाताने रंगवलेले सेल सोडून संगणकावर रंग भरण्यास आरंभ केला. म्हणून 1994 च्या ‘द लायन किंग’चा ‘निर्मिती-सेल’ असे वर्णन यादीत आढळले, तर हा सूर्य हा जयद्रथ, पुढे तपासण्यासारखे काही उरत नाही. 1937 च्या ‘स्नो व्हाइट’च्या सेलवरील रेघा शाईने हाताने ओढलेल्या असतात. 1961 च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’पासून दीर्घ चित्रपटांत झेरॉक्स-यंत्राने पेन्सिलीची रेघ थेट तावावर उतरवली जाऊ लागली, त्यामुळे ‘स्नो व्हाइट’च्या सेलवर अशी खरखरीत काळी रेघ दिसली तर संशयास जागा आहे. तावाच्या कडेची खिट्टीची छिद्रे आणि क्रमांकही पाहावेत, पण ती दोन्ही सहज बनवता येतात हेही ध्यानात असावे.

सोबत मिळणाऱ्या ‘प्रमाणपत्रा’चे वजन बहुधा फाजील मानले जाते. ते जर विक्रेत्यानेच लिहिलेले असेल, तर ते त्याच्या शब्दाहून अधिक काही सांगत नाही. लिलावगृहाची हमी ही निराळी गोष्ट असून तीही तोलून-मापून दिलेली असते. क्रिस्टीजसारख्या गृहाची सत्यतेची हमी विक्रीपासून पाच वर्षे आणि केवळ मूळ खरेदीदारालाच असते, ती यादीतील मोठ्या अक्षरांतल्या शीर्षकापुरतीच लागू होते, आणि दोन मान्य तज्ज्ञांची लेखी मते आणण्याचा भार ग्राहकावर पडू शकतो. एवढे करून हाती येते ती भरलेली रक्कम, वाढलेला बाजारभाव नव्हे. ‘अमुकच्या शैलीतील’ किंवा ‘अमुक यांचे मानले जाणारे’ अशी शब्दयोजना असेल तर गृहाने आपला हात आधीच काढून घेतलेला असतो.

भारतीय लिलावगृहाकडून खरेदी झाली असल्यास भिवंडीतील ग्राहकाला ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे ठाणे जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते; मोबदला पन्नास लाखांपर्यंत असावा आणि वादाचे कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी, एवढी मर्यादा आहे. हे दार घराच्या भिंतीसाठी चित्र घेणाऱ्याला उघडे आहे. भाव चढला की पुढे विकण्यासाठी घेणारा व्यापारी या कायद्याच्या व्याख्येत ‘ग्राहक’ ठरत नाही आणि त्याला दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा लागतो.