यंत्राच्या पत्त्यांचा कागद

ऑपरेटिंग सिस्टीम एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर नेणे, याला पोर्टिंग म्हणतात. हे पुस्तकाच्या भाषांतरासारखे काम असावे, असा पुष्कळांचा समज असतो. भाषांतर कंपायलर बिनबोभाट करतो. गाडे अडते ते पत्त्यांपाशी.

प्रोसेसरला छपाईयंत्र दिसत नाही की पडदा दिसत नाही. त्याला कळतात ते फक्त पत्त्यांचे आकडे. त्यांतील काही पत्त्यांमागे मेमरी नसून एखाद्या उपकरणाचे रजिस्टर असते. तेथे आकडा लिहिला की मोटार फिरू लागते. नुसते वाचले तरी परिणाम होतो! सिरियल पोर्टवर आलेले अक्षर एकदा वाचले की तेथून गेलेच. म्हणून कंपायलरला बजवावे लागते की, बाबा रे, दोनदा वाच म्हटले तर दोनदाच वाच, आपली हुशारी चालवू नकोस. कॅशलाही या पत्त्यांपासून दूर ठेवावे लागते, नाहीतर शिळी नक्कल हाती येते. इंटेलच्या घराण्यात उपकरणांसाठी ६५,५३६ पोर्टांचे निराळे दार आहे. स्पार्कला तसे दार नाही. तेव्हा त्या दारावर विसंबून लिहिलेला भाग नव्याने लिहावा लागतो.

दुसरा घोळ मानलेल्या पत्त्यांचा. समजा, कारखान्याच्या प्रत्येक खात्यात १२ नंबरचा बिल्ला आहे. माणसे निराळी, कोण कोणता, हे टाइम ऑफिसच्या तक्त्यावरून ठरते. प्रत्येक प्रोग्रॅमचे पत्ते असेच असतात, आणि हे टाइम ऑफिस प्रोसेसरमध्येच असते. तक्त्यात नोंद नाही, त्याला आत सोडत नाहीत. उपकरणाला हात लावण्याचा हक्क ऑपरेटिंग सिस्टीमपाशी राहतो तो यामुळेच.

पुण्याची सी-डॅक संस्था १९८८ साली निघाली. तिचा १९९१ चा परम ८००० ब्रिटिश ट्रान्सप्युटरवर चाले. त्या टी८०० मध्ये असे टाइम ऑफिसच नव्हते. शेजारच्या प्रोसेसरांशी जोडणाऱ्या त्याच्या चार दुव्यांचे पत्ते मेमरीच्याच तळाशी होते. त्यामुळे वेगळ्या पत्त्यांची हमी धरून चालणारी युनिक्ससारखी सिस्टीम तेथे जशीच्या तशी बसणारी नव्हती. १९९८ चा परम १०००० सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्कवर आला. त्यात तक्ता होता. अशा बदलात वरचे गणित तेच राहू शकते, पत्ते जाणणारा तळचा थर मात्र बदलावाच लागतो.

आता आपल्याशी संबंध काय? आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांत वजनकाट्यापासून बॉयलरपर्यंत संगणक आहेत. बनवणाऱ्याने रजिस्टरांचे पत्ते दडवले आणि पुढे हात वर केले, तर दुसऱ्या कोणाला नवी सिस्टीम बसवणे महाकठीण होते आणि धडधाकट यंत्र भंगारात जाते. माझ्या मते खरेदीच्या करारातच तो कागद मागावा. त्यात प्रत्येक उपकरणाचा आरंभीचा पत्ता, त्याची लांबी, इंटरप्टचा क्रमांक आणि प्रत्येक रजिस्टरचा अर्थ, एवढे तरी हवे.