विश्लेषण : फॅक्स सर्व्हर फुकटात उभा राहतो, मग मोडेमपाशी का अडतो?

फॅक्स संपला असे आपण धरून चाललो असलो, तरी जपानमधील कार्यालये आणि अमेरिकेतील रुग्णालये आजही त्यावर कागदपत्रे पाठवतात. यंत्राऐवजी हे काम कपाटात पडून असलेल्या जुन्या संगणकावरही सोपवता येते. लिनक्स, टेलिफोन लाइन आणि मोडेम, एवढेच लागते.

सॉफ्टवेअर कोणते?

हायलाफॅक्स. सॅम लेफलर यांनी सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीत असताना ते लिहिले. ते मोफत आहे. ‘फॅक्ससेटअप’ आणि ‘फॅक्सअ‍ॅडमोडेम’ या दोन कमांड एकेक प्रश्न विचारत जोडणी करून देतात. ‘फॅक्सगेटी’ हा प्रोग्राम रिंगची वाट पाहत बसतो आणि आलेला फॅक्स पीडीएफ करून ईमेलवर धाडता येतो.

मग अडते कुठे?

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोडेम स्वस्त करण्यासाठी कंपन्यांनी त्यातली नियंत्रक चिप काढली आणि तिचे काम संगणकाच्या प्रोसेसरवर टाकले. हे ‘विनमोडेम’. त्यांचे ड्रायव्हर विंडोजसाठी लिहिलेले, त्यामुळे लिनक्सवर ते बहुधा शोभेचे ठरतात. पीसीआय स्लॉटमधली स्वस्त कार्डे बहुतेक याच जातीची. सीरियल पोर्टला जोडायचे बाहेरचे मोडेम जुनाट दिसतात, पण खात्रीचे. यूएसबी मोडेम घ्यायचा तर तो ‘सीडीसी-एसीएम’ मानक पाळतो का, हे आधी पाहावे.

दुकानातच लॅपटॉपवर मिनिकॉम उघडून ‘एटी+एफक्लास=?’ टाइप करावे. उत्तरात फक्त ० आला, तर मोडेम डेटापुरताच, परत करा. १ असेल तर फॅक्सच्या संवादाचा बहुतेक भार संगणक उचलतो, २ असेल तर मोडेम स्वतः. ऐकायला दुसरा प्रकार सोयीचा वाटतो. पण मोडेममधल्या प्रोग्रामातली चूक आपल्याला दुरुस्त करता येत नाही. म्हणून आधी क्लास १ वापरून पाहिलेला बरा.

लाइनचे काय?

आपल्याकडे तांब्याच्या लँडलाइनची जागा फायबर घेत आहे. त्यावर आवाज पॅकेटमधून जातो. बोलताना एखादे पॅकेट हरवले तर कानाला कळतही नाही. फॅक्स मात्र मध्येच तुटतो आणि तपासणी अहवालाचे अर्धेच पान पोहोचते. त्यासाठी ‘टी.३८’ हे मानक आहे, पण ते घरातल्या उपकरणाबरोबर सेवा देणाऱ्या कंपनीकडेही चालू असावे लागते. नसेल तर वेग १४,४०० वरून ९,६०० बिट प्रतिसेकंदावर आणून पाहावा.