न पळणारं हरीण

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कच्या पश्चिम अंगाला कावुनीची नावाचं खोरं आहे. पुढे जाऊन ग्रँड कॅन्यन कोरणारी कोलोरॅडो नदी इथे उगमाजवळ अगदी ओढ्याएवढी असते. खोऱ्याचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे 2,700 मीटरवर, माथ्यावर नेव्हर समर पर्वतांची रांग. डेन्व्हरला मुलाकडे किंवा लेकीकडे उन्हाळा काढायला गेलेले मराठी आईबाबा ट्रेल रिज रोडने 3,713 मीटरपर्यंत चढून, धापा टाकत दोन-चार फोटो काढून, मग या खोऱ्यात उतरतात. उतरताना गाडीतल्या सगळ्यांचे डोळे एकच गोष्ट शोधत असतात: मूस.

आणि मूस बहुधा दिसतो. पुढे आठ-दहा गाड्या कडेला लागलेल्या दिसल्या की समजावं. नदीकाठच्या झुडपांत तो काळपट तपकिरी प्राणी उभा असतो, उंच पायांच्या मचाणावर अवजड धड ठेवल्यासारखा. हरिणकुळातला हा सगळ्यांत मोठा प्राणी. कोलोरॅडोत आढळणारा शिरास मूस त्याच्या जातभाईंत लहान समजला जातो, तरी मोठा नर खांद्यापाशी सहा फूट आणि वजनाला साडेचारशे किलोपर्यंत भरतो. आपला सांबर तीनशेच्या आसपास थांबतो. एवढी माणसं जमली, दारं आपटली, पोरं ओरडली, तरी मूस मान वर करून एकदा बघतो आणि पुन्हा चरू लागतो. लोक म्हणतात, माणसाळलाय बिचारा.

इथेच फसगत होते. चितळ पळतं, कारण पळणं हाच त्याचा बचाव. मूसचा बचाव उभं राहण्यात आहे. सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर 1958 पासून लांडगे आणि मूस यांचा अभ्यास अखंड चालू आहे. तिथे सुरुवातीच्या वर्षांत संशोधक डेव्हिड मेक यांनी विमानातून शिकारी पाहिल्या. त्यांना दिसलं ते असं, की जो मूस पळाला त्याच्या मागे लांडगे लागत. जो पाय रोवून उभा राहिला त्याचा नाद ते बहुतेक वेळा सोडून देत. कारण साधं आहे. मूसच्या लाथा पुढच्या पायांनीही बसतात, आणि एक नीट बसली तर लांडग्याची बरगडी शाबूत राहत नाही. तेव्हा आपण तीस पावलांवर गेलो आणि मूस हलला नाही, याचा अर्थ त्याला आपण चालतो असा नव्हे. तो त्याच्या पद्धतीने तयार आहे, इतकंच.

कुत्र्याचं कोडंही यातूनच सुटतं. कोलोरॅडोत मूसने माणसावर चाल केल्याच्या घटनांत बऱ्याचदा सोबत कुत्रा असतो. मूसच्या लेखी कुत्रा म्हणजे लांडगाच. तो कुत्र्यावर धावतो, कुत्रा मालकाच्या पायाशी पळून येतो आणि पुढचं मालकाला भोगावं लागतं. पार्कच्या पायवाटांवर कुत्र्यांना बंदी आहे. बाहेरच्या जंगलवाटांवर मात्र ती सगळीकडे नाही.

रागाची सूचना मूस देतो, ती वाचता आली पाहिजे. आधी चरणं थांबतं. कान मागे पडतात. वशिंडावरचे लांब केस उभे राहतात. मान खाली येते, आणि तो ओठ, नाक चाटू लागतो. हे शेवटचं लक्षण लोकांना गोड वाटतं, म्हणून ते अधिक धोक्याचं. मे अखेर ते जून हा पिल्लं होण्याचा काळ, सप्टेंबर-ऑक्टोबर माजाचा. पहिल्यात आया चिडलेल्या, दुसऱ्यात नर. अस्वलासमोर पळू नये असं सांगतात. मूस अंगावर आला तर खुशाल पळावं आणि जाड बुंध्याआड व्हावं. तो फार लांब पाठलाग करत नाही. पार्कचा नियम 120 फुटांचा, म्हणजे साधारण 36 मीटरचा. हात लांब करून अंगठा उभा धरायचा आणि एक डोळा मिटायचा. अंगठ्याआड मूस पूर्ण झाकला नाही, तर आपण फार जवळ आहोत.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. डिसेंबर 2020 मध्ये पुण्यात कोथरूडला शिरलेल्या गव्यामागे गर्दी धावली आणि त्या दिवशी तो गवा मेला. मोठा गवतखाऊ प्राणी वाघासारखा दात दाखवत नाही, म्हणून त्याच्याभोवती मोबाइल घेऊन कडं करायला आपल्याला काही वाटत नाही.

आता तो मूस तिथेच, नदीकाठी का उभा असतो? त्याला दोन गोष्टी तिथे बांधून ठेवतात: गारवा आणि विलो. थंडीसाठी घडलेलं हे शरीर उन्हाळ्यात त्यालाच जड जातं. कॅनडात 1980च्या दशकात झालेल्या प्रयोगांत तापमान 14 अंशांपुढे गेल्यावर मूसचा श्वास वाढू लागला आणि 20 अंशांच्या पुढे तो तोंड उघडून धापा टाकू लागला. आपण स्वेटर चढवतो त्या हवेत त्याला उकडतं. म्हणून पहाट, संध्याकाळ, ओली जमीन आणि दाट सावली. पाहायला जाणाऱ्यानेही हेच वेळापत्रक धरावं. भर दुपारी मूस शोधण्यात अर्थ नाही.

विलो म्हणजे आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या जातकुळीतली झुडपं. मूसला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तो फांदी ओठांत धरतो, मान बाजूला ओढतो, आणि पानं ओरबाडून निघतात. शेंडा तोडलेली काडी जवळून पाहा: सशाने कुरतडलेली काडी चाकूने तिरकी कापल्यासारखी असते, मूसने तोडलेलीचं टोक दोऱ्यादोऱ्यांनी फाटलेलं. मोठी फांदी तो छातीखाली घेऊन वाकवतो, मोडतो आणि वरचा कोवळा भाग खातो. उन्हाळ्यात असा रोज वीस किलोंहून अधिक पाला एका पोटात जातो.

आणि हा मूस इथला जुना रहिवासी नाही. पूर्वी वायोमिंगकडून एखादा भटका यायचा, पण कोलोरॅडोत त्यांची टिकून वाढणारी वस्ती नव्हती. 1978 आणि 1979 मध्ये राज्याच्या वन्यजीव विभागाने युटा आणि वायोमिंगमधून 24 मूस आणून शेजारच्या नॉर्थ पार्कमध्ये सोडले. हेतू उघड होता: पर्यटकांना पाहायला आणि शिकाऱ्यांना मारायला प्राणी हवा. ते वाढले, डोंगर ओलांडून कावुनीचीत आले, आणि आज राज्यात सुमारे तीन हजार आहेत.

याच काळात खोऱ्यातली उंच विलो झपाट्याने गेली. दोष एकट्या मूसवर टाकणं मात्र सोपी पळवाट ठरेल. सॅपसकर नावाचा सुतारपक्षी विलोच्या सालीत ओळीने भोकं पाडून रस चाटतो. त्या जखमांतून बुरशी शिरते आणि वरचं खोड वाळतं. हे दोघेही इथले जुनेच. एरवी बुंध्यातून नवे धुमारे फुटून झुडूप सावरतं. आता ते धुमारे मूस आणि एल्क हे दुसरं मोठं हरीण गुडघ्याच्या वर येऊच देत नाहीत. उंच विलो नाही म्हणून बीव्हरला बांध घालायला लाकूड नाही. बांध फुटले की तळी आटतात, नदी खोल जाते, भूजल उतरतं, आणि कोरड्या जमिनीत विलोचं बी रुजत नाही. त्यात ग्रँड डिच. 1890 मध्ये खणायला घेतलेला हा कालवा नेव्हर समरच्या उतारावरचं पाणी उचलून खिंडीपलीकडे पूर्वेच्या शेतीला देतो. ते या खोऱ्यात येतच नाही. आणि लांडगे तर 1940च्या दशकातच संपवलेले.

2020 च्या मतदानात निसटत्या बहुमताने कौल मिळाल्यावर डिसेंबर 2023 मध्ये ओरेगॉनहून आणलेले 10 लांडगे ग्रँड आणि समिट परगण्यांत सोडले गेले. कावुनीची ग्रँड परगण्यातच येते. पण इतक्या थोड्या लांडग्यांनी खोरं सावरेल, अशी आशा आजच धरणं भाबडेपणाचं आहे. सध्या भरवसा आहे तो उंच कुंपणांवर आणि बीव्हरची नक्कल करून खुंट-फांद्यांनी घातलेल्या बांधांवर. पार्कच्या पूर्व भागात एल्कपासून राखलेल्या कुंपणांत विलो उंच झाली, हा अनुभव हाताशी आहे.

फोटोत तारा येतात म्हणून पर्यटक या कुंपणांवर कुरकुरतात. तिथे गेलात तर मूसचा फोटो गाडीजवळ उभं राहून, लांबच्या लेन्सने काढा. आणि एक फोटो कुंपणाचाही घ्या, आतली विलो आणि बाहेरची विलो एकाच चौकटीत येईल असा.