वेदनाशामक औषधे आणि श्वानाची अन्ननलिका

‘कुत्रा लंगडतो आहे, माणसांची अर्धी गोळी चालेल का?’ ही विचारणा कळंब्यासारख्या शहरालगतच्या गावातील वैद्यांस व औषधविक्रेत्यांस नवी नाही. उत्तर देण्यापूर्वी या औषधांचा श्वानाच्या अन्नवह स्रोतसावर होणारा परिणाम समजून घेणे अगत्याचे आहे.

चरकाचार्यांनी या स्रोतसाचे मूळ आमाशय व वामपार्श्व सांगितले आहे. आधुनिक शारीरानुसार माणसाच्या अन्ननलिकेचा वरचा भाग रेखित, तर खालचा अरेखित स्नायूंचा असतो. श्वानात मात्र जवळजवळ संपूर्ण नलिका रेखित स्नायूंची असून आमाशयमुखाशी असलेल्या परिसंकोची स्नायूत अरेखित तंतू असतात. म्हणून माणसाचे निष्कर्ष श्वानास जसेच्या तसे लावता येत नाहीत.

ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. यांपैकी ई गटातील प्रोस्टाग्लँडिने परिसंकोची स्नायूस शिथिल करतात. त्यांची निर्मिती रोखली असता तो अधिक आवळला जातो. इंडोमेथॅसिनने त्याचा दाब वाढल्याचे माणसांवरील प्रयोगांत आढळले आहे. मग हानी होते ती कशी? हीच द्रव्ये आमाशयाच्या श्लेष्मल त्वचेचे रक्षण करतात. ते रक्षण हरपले की व्रण होतात, उलट्या होतात आणि अम्ल वारंवार अन्ननलिकेत येऊन तेथे शोथ उत्पन्न होतो. शोथामुळे नलिकेची गती मंदावते, परिसंकोची स्नायू ढिला पडतो व अधिकच अम्ल वर येते. अशा रीतीने शोथहर औषधच शोथाचे निमित्त ठरते.

मात्रेचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. श्वानासाठी मेलॉक्सिकॅमची नित्य मात्रा दर किलो वजनास ०.१ मि.ग्रॅ. मानली जाते, दहा किलोच्या श्वानास ती १ मि.ग्रॅ. होते. माणसांची १५ मि.ग्रॅ.ची गोळी त्याच्या पंधरा पट, अर्धी गोळीही साडेसात पट भरते. नॅप्रोक्सेनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास माणसात अर्धा-पाऊण दिवस, तर श्वानात सुमारे तीन दिवस लागू शकतात.

आमच्या मते पुढील पथ्ये पाळावीत :

१. पशुवैद्यांच्या चिठ्ठीविना श्वानासाठी वेदनाशामक देऊ नये.

२. ही औषधे प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडसमवेत देऊ नयेत.

३. जोर न लावता न पचलेले अन्न तोंडावाटे बाहेर पडणे हे अन्ननलिकेच्या विकाराचे, तर पोट आवळून होणारी उलटी ही बहुधा आमाशयाच्या विकाराचे लक्षण होय. काळी विष्ठा वा रक्तमिश्रित उलटी दिसताच औषध थांबवून पशुवैद्यांकडे धाडावे.

४. गुग्गुळ, शल्लकी आदी कल्प चालू असल्यास तेही पशुवैद्यांस कळवावेत.

मुक्या प्राण्यास आपली जळजळ सांगता येत नाही. म्हणून त्याच्या बाबतीत ‘नाही’ म्हणणे हीही चिकित्साच होय.