कल्पना उसनी की चोरलेली?



या अंकासाठी आलेल्या कथांपैकी एक कथा वाचताना मी मध्येच थांबलो. दिवाळीनंतरच्या मंडईत एक पोरका मुलगा जातो. बरोबरची मुले खेळणी आणि मिठाई घेतात. हा मात्र आजीसाठी चिमटा घेतो, कारण पोळ्या भाजताना तिची बोटे पोळतात. कथा छान उतरली होती, पण ती प्रेमचंदांची 'ईदगाह' होती. हामिदचे नाव बदलले होते, ईदच्या जागी मंडई आली होती, बाकी सारे तसेच. चिमट्याची किंमतसुद्धा तीन पैसेच! आज तीन पैशांत चिमटा कोण देईल?

मी त्या विद्यार्थ्याला बोलावले. तो म्हणाला, "सर, मी पाहून नाही लिहिली. मला आवडली होती, म्हणून तशीच सुचली." तो खोटे बोलत नव्हता. वाचलेले डोक्यात मुरते आणि पुढे ते आपलेच वाटू लागते. मोठ्यांचेही असेच होते.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. आर. जी. आनंद यांनी १९५३ साली 'हम हिंदुस्तानी' हे नाटक लिहिले. प्रांताप्रांतांतल्या दुराव्यामुळे दोन प्रेमी जीवांच्या लग्नात येणाऱ्या अडचणी हा त्याचा विषय. १९५६ साली 'न्यू देल्ही' हा चित्रपट आला. आपल्या नाटकाची ती नक्कल आहे, असे आनंद यांना वाटले आणि ते न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७८ साली लागला. कल्पना, विषय किंवा कथासूत्र यांवर कोणाचा मालकीहक्क नसतो. हक्क असतो तो मांडणीवर. दोन्ही कृती पाहिलेल्या माणसाला दुसरी ही पहिलीची नक्कलच आहे असे ठामपणे वाटले, तर तो हक्कभंग. या खटल्यात तसे आढळले नाही. विषय एक असला तरी चित्रपटाने तो वेगळ्या रीतीने हाताळला होता, हुंड्यासारखे प्रश्नही त्यात घेतले होते. आनंद हरले.

आपल्या देशात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. प्रेमचंद १९३६ साली गेले. म्हणजे 'ईदगाह'बद्दल आपल्या शाळेवर कोणी खटला भरणार नाही. पण कायद्याने गुन्हा नाही म्हणून दुसऱ्याच्या कथेखाली आपले नाव घालावे, हे मला पटत नाही.

मग दुसऱ्याचे घ्यायचेच नाही का? तसे ठरवले तर आपली निम्मी रंगभूमी बंद पडेल. देवलांच्या 'संशयकल्लोळ'चे मूळ फ्रेंच नाटककार मोलियेरपर्यंत जाते. पु. ल. देशपांडे यांनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून १९७५ साली 'ती फुलराणी' आणली आणि मूळ कोणाचे ते लपवले नाही. (आपल्या झाडीबोलीत ती फुलराणी कशी भांडली असती, याचा विचार करून पाहा!)

मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते वि. वा. शिरवाडकरांचे १९७० सालचे 'नटसम्राट'. म्हातारा बाप सारे मुलांना वाटून टाकतो आणि बेघर होतो. हे शेक्सपियरच्या 'किंग लिअर'शी जुळते हे कोणीही सांगेल. पण लिअर राजा आहे, गणपतराव बेलवलकर निवृत्त नट. लिअरला तीन मुली आणि नाटकात राणी नाहीच. इथे एक मुलगा, एक मुलगी आणि सोबतीला कावेरी. राजाला राज्य गेल्याचे दुःख, तर नटाच्या मनात जन्मभर केलेल्या भूमिका गर्दी करतात. शिरवाडकरांनी सूत्र घेतले आणि त्यात आपल्याला जवळून माहीत असलेले जग भरले. शेक्सपियरनेही लिअरची कथा जुन्या इतिहासग्रंथांतून व त्याच्या आधीच्या एका नाटकातून घेतली होती.

म्हणून मी त्या विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारला, "तुझ्या आजीला चिमटा हवा आहे का?"

तो हसला. त्यांच्या घरी गॅस आहे. आजी रात्री धानाची राखण करायला बांधीत जाते, रानडुकरे येतात, आणि तिची बॅटरी महिनाभर बंद पडली आहे.

चार दिवसांनी कथा पुन्हा आली. मुलगा मंडईत झुल्यावर न बसता बॅटरीचे सेल घेतो, घरी येतो, आणि ते लहान आकाराचे निघतात. आजी चिडते. दुसऱ्या दिवशी तो सेल बदलून आणायला निघतो, पण मंडई उठून गेलेली असते.

"सर, आता प्रेमचंदांचे नाव लिहावे लागेल का?" त्याने विचारले. मी म्हटले, "तूच सांग." थोडा वेळ विचार करून त्याने शेवटी लिहिले, 'ईदगाह वाचून सुचलेली कथा'. ती याच अंकात आहे.