बोरघाटात रेल्वे चढवणारा इंजिनियर

चिंचवड-तळेगावहून मुंबईची गाडी धरली की लोणावळ्यापुढे बोगदे आणि दरीवरचे पूल लागतात. या घाटमार्गाची मूळ आखणी जेम्स बर्कले या इंजिनियरची. जन्म १८१९ चा. १८५० साली तो जी. आय. पी. रेल्वेचा मुख्य इंजिनियर म्हणून मुंबईस आला. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली.

खरा कस लागला तो बोरघाटात. सुमारे १६ मैलांत १८३१ फूट चढायचे! आधी सगळा डोंगर मोजला, मग १८५६ ला कुदळ मारली. सर्वांत कडक चढ ३७ फुटांना एक फूट. वळणाला जागाच नव्हती तिथे गाडी थांबवून उलट तोंडाने काढली. ती सोय १९२९ पर्यंत चालली. ठेकेदार ट्रेडवेल १८५९ ला वारला, तेव्हा त्याच्या बायकोने ठेका पुढे नेला. १८६१ साली चाळीस हजारांवर मजूर कामावर होते. रोगराईने, अपघाताने त्यातले कितीतरी गेले.

२१ एप्रिल १८६३ ला घाट खुला झाला. तो पाहायला बर्कले नव्हता. १८६२ लाच गेला. १८६७ ला घाटातला एक मोठा पूल ढासळला, तो नव्याने बांधावा लागला.

उतार पाहिल्याशिवाय आपण पाट काढत नाही. घाटालाही तोच नियम : आधी मोजणी, मग कुदळ, आणि बांधकाम आतूनही पक्के.